नकाराचं कारण लिहून द्या : न्यूयॉर्कच्या को-ऑप बोर्डांवर बसलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी त्यांच्यासाठी, जे न्यूयॉर्क शहरातल्या कुठल्या ना कुठल्या को-ऑप, म्हणजे सहकारी मालकीच्या, बिल्डिंगच्या बोर्डावर निवडून गेले आहेत. इथे घर विकलं तरी गिऱ्हाईकाला आधी या बोर्डाची मंजुरी लागते. कुणी खजिनदार असाल, कुणी नुसतेच सभासद, कुणाच्या गळ्यात दुसरं कुणी तयार नाही म्हणून अध्यक्षपद पडलं असेल. तुम्ही संख्येने फार नाही, पण आमच्या जॅक्सन हाइट्समध्ये, तिकडे एल्महर्स्टला, फॉरेस्ट हिल्सला आता बोर्डांच्या यादीत आपल्याकडची आडनावं दिसू लागली आहेत. इंग्रजीत लिहिलं असतं तर पत्र थेट बोर्डाच्या वकिलाकडे गेलं असतं आणि तिथेच निकालात निघालं असतं. म्हणून मराठीत लिहिते आहे.

निमित्त आमच्याच बिल्डिंगमधलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं दोन बेडरूमचं घर विकायला निघालं आहे, तेही दुसऱ्यांदा. प्री-वॉर घर. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी सांगते, इथे प्री-वॉर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेलं, आणि न्यूयॉर्कचे ब्रोकर हा शब्द आपल्याकडे ‘सी-फेसिंग’ म्हणतात त्याच सुरात उच्चारतात. हे घर त्या सुराला जागतं. दार उघडलं की आधी चौकोनी फॉयर, म्हणजे दाराजवळची मोकळी जागा, चार माणसं जेवायला बसतील एवढी. दिवाणखान्यात ओकची लाकडी जमीन, तिच्या कडेने गडद लाकडाची दुहेरी रेघ. भिंती प्लॅस्टरच्या आणि इतक्या जाड की खिळा ठोकायला ड्रिलच काढावं लागतं, पण शेजारच्या घरात बाळ रडलं तर ऐकू येत नाही. बेडरूमच्या दारांना काचेच्या मुठी. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या आतल्या बागेकडे. स्वयंपाकघर मात्र अरुंद. समोरासमोर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. कोपऱ्यात जुन्या डम्बवेटरचं बंद करून रंगवलेलं दार आहे. पूर्वी त्या पोकळीतून दोरावर सामान वर यायचं आणि कचरा खाली जायचा. पोकळी आतून पूर्ण बुजवलेली नाही, त्यामुळे माझ्याकडे सुकट भाजली की बातमी सगळ्या मजल्यांवर जाते. हिवाळ्यात पहाटे वाफ सुटली की रेडिएटर आधी खोकतो, मग पाइपांवर कुणी हातोडी मारावी तसा ठणठणतो. नव्या माणसाला पहिले काही दिवस झोप लागत नाही.

घर विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, लेकीकडे दुसऱ्या राज्यात जायचं म्हणून विकताहेत. त्यांना पहिल्यांदा मिळालेलं गिऱ्हाईक मी पाहिलं आहे. बायको नर्स, नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर, दोन मुलं. दोघांच्या नोकऱ्या युनियनच्या, पेन्शनच्या. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. बोर्डाला द्यायचं पॅकेज त्यांनी दिलं : आयकराची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, नोकरीची पत्रं, घरमालकाचा दाखला, क्रेडिट रिपोर्ट, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. फाइल हातात धरून चालायला जड होती. इंटरव्ह्यू झाला. नंतर बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून एका ओळीचा ईमेल : अर्ज मंजूर झालेला नाही. त्यापुढे काहीही नाही.

आमच्या बोर्डावर एक मराठी गृहस्थ आहेत. सज्जन माणूस. बर्फ पडला की सुपरच्या, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या पगारी माणसाच्या, आधी फावडं घेऊन बाहेर येतो. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी विचारलं, दादा, त्यांना नाही का म्हटलंत? ते म्हणाले, “वहिनी, कारण सांगायचं नसतं. वकिलांनी सांगून ठेवलंय.” आणि तळमजला आला.

हे पत्र त्या एका वाक्याला उत्तर आहे.

को-ऑपमध्ये आपण भिंती विकत घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बिल्डिंग एका कंपनीच्या मालकीची, आपण त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्या शेअरांच्या जोरावर आपल्याला घराचं प्रोप्रायटरी लीज, म्हणजे तिथे राहायच्या हक्काचा करार, मिळतो. कर्जही जागेवर नाही, शेअरांवर. बिल्डिंगचं स्वतःचं वेगळं कर्ज असतं, त्याचे हप्ते, मालमत्ता कर, बॉयलरचं इंधन, सुपरचा पगार हे सगळं आपल्या महिन्याच्या मेंटेनन्समधून जातं. एकाने मेंटेनन्स थकवला की भार उरलेल्यांवर. १९३०च्या मंदीत शहरातल्या कित्येक को-ऑप याच वाटेने बुडाल्या. तेव्हा नव्या माणसाचे पैसे नीट तपासून घ्यायचा बोर्डाला अधिकार हवा, याबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. बोर्ड म्हणजे फुकटची हमाली आहे, हेही मला दिसतं. बॉयलर जानेवारीतच बंद पडतो, छत गळायला लागलं की फोन तुम्हाला येतात, आणि २०१९च्या लोकल लॉ ९७ ने पंचवीस हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातल्यापासून तर तुमच्या बैठका अर्ध्या रात्री संपत असणार. मी बोलते आहे ते फक्त त्या एका ओळीच्या ईमेलबद्दल.

तुमच्यापैकी बहुतेकांचं बालपण मुंबई-पुण्याच्या सोसायटीत गेलं आहे. शेअर सर्टिफिकेट कपाटात, चेअरमन-सेक्रेटरीचे रुसवेफुगवे, एनओसीसाठी हेलपाटे. को-ऑप म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, हा इथे आपला फायदाच होता. पण एक गोष्ट आपण विमानात चढताना मागे ठेवून आलो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात कलम २२ आहे. सभासदत्व नाकारलं तर संस्थेने निर्णय कारणांसह अर्जदाराला कळवायचा. अर्ज मिळाल्यापासून तीन महिने संस्था गप्प बसली, तर अर्जदार आपोआप सभासद झाला असं धरायचं. पुढचं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येणार नाही, आणि नाकारलं तर त्याला निबंधकाकडे दाद मागता येते.

म्हणजे आपल्या गावाकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जे कायद्याने करावं लागतं, ते न्यूयॉर्कमध्ये ‘करायचं नसतं’ असं आपणच एकमेकांना सांगतो आहोत.

हो, मला माहीत आहे तिकडे काय चालतं ते. कागदावर कलम २२ आणि फाटकाशी वॉचमनच विचारतो, नॉन-व्हेज खाता का. आडनाव ऐकून घर ‘कालच गेलं’ असतं. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा खटला निकालात काढताना, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता. आपला कायदा सोवळा आहे असा माझा दावा नाही. पण निदान तिथे नाकारलेल्या माणसाच्या हातात कागद मागायचा हक्क आहे. त्या नर्सच्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, भेदभावाविरुद्ध इथे कडक कायदे आहेत. आहेत. १९६८चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे, शहराचा मानवाधिकार कायदा तर त्याच्याही पुढे जातो. वंश, धर्म, मूळ देश, इमिग्रेशनची स्थिती, घरात मुलं असणं, उत्पन्नाचा कायदेशीर मार्ग, कशाहीवरून नाकारता येत नाही. पण कारणच सांगितलं नाही तर यातलं काय मोडलं हे तिने कुठल्या तोंडाने सांगायचं? संशयावर वकील लावायचा, त्याची फी भरायची, मग वर्षानुवर्षं कागदपत्रं मागत बसायचं. नर्सच्या पगारात हे कुणी करत नाही. ती दुसरीकडे घर बघते.

इथल्या न्यायालयांनी बोर्डांना मोठी मोकळीक दिलेली आहे. लिफ्ट, जिने, सभा आणि घर कुणाबरोबर वाटून घ्यायचं हे मालकांनी ठरवावं, अशा अर्थाचा निकाल राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९५९ साली दिला. १९९०च्या लेव्हॅन्डुस्की खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की बोर्ड प्रामाणिकपणे, आपल्या अधिकारात, बिल्डिंगच्या हितासाठी वागत असेल तर आम्ही त्याच्या निर्णयाची उलटतपासणी करणार नाही. वकील तुम्हाला हेच वाचून दाखवत असणार. मला ही वाक्यं वाचताना एकच दिसतं : न्यायालयाने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. गप्प राहा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता थोडं जुनं. आपण ज्या घरांत राहतो ती कुणासाठी बांधली होती, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं, आणि या चर्चेत ते ठाऊक असायला हवं.

एडवर्ड मॅकडूगल या गृहस्थाच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने शंभरेक वर्षांपूर्वी इथली शेतं घेतली. १९०९ साली क्वीन्सबरो पूल झाला, १९१७ साली रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून गाडी धावू लागली, आणि मॅनहटनमध्ये नोकरी करणाऱ्या सुखवस्तू लोकांसाठी इथे सबंध ब्लॉकच्या पोटात बाग ठेवून तिच्याभोवती इमारती उभ्या राहिल्या. लिंडन कोर्ट, द शॅटो, द टॉवर्स ही अँड्र्यू थॉमस नावाच्या वास्तुविशारदाची कामं. ग्रेस्टोन, लॅबर्नम कोर्ट जॉर्ज वेल्सची. पहिलं महायुद्ध संपल्यावर कंपनीने ही घरं को-ऑप पद्धतीने विकायला काढली. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ रेडिओ केंद्रावर पैसे देऊन जी पहिली जाहिरात झाली असं मानतात, ती याच कंपनीची, इथल्या हॉथॉर्न कोर्टमधल्या घरांची. आपल्या घरापासून चालत जावं एवढ्या अंतरावरच्या घरांसाठी रेडिओच्या जाहिरातीचा जन्म झाला आहे. हे मी पाहुण्यांना दर वेळी सांगते, ऐकून कंटाळलेल्यांनी माफ करावं.

पण कंपनीच्या जाहिरातींत आणखी एक शब्द असायचा : ‘रिस्ट्रिक्टेड’. तो भूषण म्हणून छापत. त्याचा अर्थ वाचणाऱ्याला बरोबर कळायचा, ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांनी इकडे फिरकू नये. कारण लिहायची गरज तेव्हाही नव्हती. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून घरं नाकारणारे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत असं ठरवलं, १९६८ साली कायदाच आला. दरम्यान १९६५ साली अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा बदलला आणि आपण आलो. सत्तरच्या दशकात ७४व्या रस्त्यावर साड्या, भांडी, २२० व्होल्टचे मिक्सर आणि डाळीची पोती दिसू लागली. ज्यांच्या बागेत आपल्याला कुणी उभं केलं नसतं, त्याच बागेच्या कमिटीवर आता आपण कोथिंबीर कुठे लावायची ते ठरवतो.

मुंबईकडे बघून नाकं मुरडायचंही कारण नाही, कारण तिथली सुरुवातही याच काळातली आणि अशाच बंद दाराची. १९१५ साली श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या कारकुनांना हक्काचं, हवेशीर घर मिळावं म्हणून केलेलं ते फार मोठं काम होतं. त्याचा मला मनापासून आदर आहे. पण ते एका ज्ञातीपुरतं होतं. आणि इथेही त्याच सुमाराला, १९१६ साली, ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या लोकांनी ‘आल्कू’ नावाची बिनानफ्याची को-ऑप बांधली. सहकाराच्या घरात पहिल्यापासून दोन वृत्ती नांदत आल्या आहेत : मिळून छप्पर उभारायचं ही एक, आणि छपराखाली कोण येतं ते आडून बघायचं ही दुसरी. बोर्डाच्या बैठकीत त्यातली कुठली खुर्ची घ्यायची ते आपल्याला ठरवता येतं.

जॅक्सन हाइट्सचा हा भाग १९९३ साली शहराने ऐतिहासिक जिल्हा म्हणून जाहीर केला. चांगलं झालं. विटा, कमानी, स्लेटची छपरं वाचली. तुम्ही खिडक्या बदलायला निघालात तेव्हा काय झालं आठवा. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स कमिशनकडे अर्ज, जुन्या चौकटीचे फोटो, नव्या चौकटीची मापं, रंगाचा नमुना, आणि ‘का बदलायची’ याचं लेखी उत्तर. बागेकडची एक खिडकी बदलण्यासाठी आपण एवढे कागद रंगवतो. चार माणसांचं कुटुंब परत पाठवायला एक ओळ पुरते.

आणखी एक गोष्ट. ही कुणी उघड बोलत नाही, पण को-ऑपमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुष्कळदा नकार माणसाला नसतोच, किमतीला असतो. एखादं घर कमी भावात गेलं की उद्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस तोच आकडा धरतो आणि सगळ्यांच्या घराची किंमत उतरते. म्हणून बोर्ड मनाशी एक आकडा धरून बसतं आणि त्याखालचा सौदा आला की गिऱ्हाईकच नाकारतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर जुनं आहे, स्वयंपाकघराला कुणी कित्येक वर्षं हात लावलेला नाही, बाथरूमच्या फरशा मूळच्याच आहेत. भाव त्या मानाने लागला होता. तेव्हा नर्सला नाही म्हणण्यामागे हे असू शकेल. नसूही शकेल. बस ड्रायव्हर हा शब्द वाचून कुणाचं नाक वर गेलं असेल, किंवा दोन मुलं बागेत फुटबॉल खेळतील ही धास्ती असेल. मला माहीत नाही, तिला माहीत नाही, विकणाऱ्या बाईंना माहीत नाही. तुम्ही काही बोलत नाही, त्यामुळे या सगळ्या शक्यता सारख्याच खऱ्या होऊन बसतात. प्रामाणिक बोर्डाचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण त्याच्या आणि अप्रामाणिक बोर्डाच्या ईमेलमध्ये एका अक्षराचा फरक नसतो.

आणि बाई? त्यांनी लेकीकडे सामान पाठवलं आहे. घर रिकामं आहे, मेंटेनन्स सुरू आहे. सबलेट करायचं, म्हणजे पोटभाडेकरू ठेवायचा, तर आमच्या नियमांप्रमाणे त्यालाही बोर्डाची परवानगी. किमान किती किमतीखाली विकू नका, एवढं जरी आधी कळलं असतं तरी त्यांनी त्या कुटुंबाचा आणि स्वतःचा वेळ घालवला नसता.

वकिलांचा मुद्दा मी समजून घेतला आहे. कारण लिहून दिलं की तेच कारण कोर्टात उलटतं. ठीक. पण खरं आणि कायदेशीर कारण कोर्टात काय उलटणार? “तुमचं मासिक कर्ज आणि उत्पन्न यांचं प्रमाण आमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे” या वाक्यात घाबरण्यासारखं काय आहे? घाबरायचं कारण तेव्हाच, जेव्हा खरं कारण लिहिण्याजोगं नसतं. आणि तसं असेल तर तो नकार द्यायचाच नव्हता. शेजारच्या वेस्टचेस्टर काउंटीमध्ये २०१८च्या कायद्यापासून को-ऑप बोर्डाने अर्ज नाकारला की तिथल्या मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. तिथल्या बिल्डिंगी कोसळल्याचं ऐकिवात नाही. आपल्या शहरात कारण देण्याची सक्ती करणारे प्रस्ताव कौन्सिलसमोर कित्येक वर्षं येताहेत आणि बोर्डांच्या बाजूने त्यांना विरोधही तितकीच वर्षं होतो आहे. कायदा करेल तेव्हा करेल. आपल्या बिल्डिंगमध्ये चांगलं वागायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

आता जरा आपल्यातलं बोलते, राग मानू नका. मागच्या गणपतीत एका घरी आरतीनंतर मोदक खाताना मी माझ्या कानांनी ऐकलं, “आमच्याकडे एक टू-बेडरूम निघालाय, आपल्यापैकी कुणाला हवा असेल तर सांगा, बोर्डात मी आहे.” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपली चार माणसं जवळ असावीत, पोरांना मराठी कानावर पडावं, आजारपणात कुणी डबा द्यावा, हे मलाही हवंसं वाटतं. घराची खबर जरूर द्या, ब्रोकरचा नंबर द्या, पॅकेज कसं लावायचं ते शिकवा. पण ‘बोर्डात मी आहे’ हे शब्द आले की तुम्ही मॅकडूगलच्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसता. त्यानेही कुणाला शिवी दिली नव्हती, फक्त आपल्या माणसांना आत घेतलं होतं.

इंटरव्ह्यूचंही तसंच. मॅनहटनमध्ये एका मराठी जोडप्याला बोर्डावरच्या बाईंनी विचारलं होतं की तुम्ही घरी रोज ‘करी’ शिजवता का. ही गोष्ट आपण पार्ट्यांमध्ये दात ओठ खाऊन सांगतो. मग आपण स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर “मुलं किती? अजून होणार का?” असं मायेने विचारतो आणि ते आपल्याला खटकत नाही. आपल्याकडे हा कुशल विचारण्याचा भाग आहे. इथे तो बेकायदेशीर भेदभावाचा पुरावा आहे, आणि समोर बसलेल्या, घरासाठी अगतिक झालेल्या बाईला तो कसा ऐकू येतो याचाही विचार करा. पैशाचं विचारा, कुत्रा आहे का विचारा, घरात काय तोडफोड करणार ते विचारा, रेडिएटरचा आवाज सोसवेल का तेही विचारा. ते पुरे.

मागणं मोठं नाही. बिल्डिंगचे आर्थिक निकष एका पानावर छापा : डाउन पेमेंट किती टक्के, कर्ज आणि उत्पन्नाचं प्रमाण कुठवर चालेल, घर घेतल्यावर हातात किती महिन्यांचा मेंटेनन्स शिल्लक हवा. किमतीचा तळ मनाशी ठरवला असेल तर तोही त्यात लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर मनातूनही काढा. हे पान घर विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळावं. पूर्ण अर्ज आला की किती आठवड्यांत उत्तर देऊ ते सांगा आणि पाळा. आणि नाही म्हणायचं असेल तर त्या पानावरची कुठली अट बसत नाही ते दोन ओळींत लिहून द्या. यासाठी बायलॉज बदलावे लागत नाहीत. बोर्डाच्या एका बैठकीत ठराव होऊ शकतो. दादा, तुमच्या एका मताने हा ठराव मंजूर होणार नाही हे मला कळतं. पण मांडायला आणि इतिवृत्तात नोंद व्हायला तुम्ही एकटे पुरेसे आहात. मग कुणी विरोध केला तर का केला, हे त्यालाही सांगावं लागेल.

बाईंच्या घरासाठी दुसरा अर्ज एजंटकडे पोचला आहे असं ऐकते. तो कुणाचा ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. तो मंजूर करा असंही मी म्हणत नाही. पैसे बसत नसतील तर नाकारा. बाईंना आणि त्या माणसाला का ते कळवा, एवढंच.

आमची वार्षिक सभा जवळ आली आहे. दरवर्षी कोरमसाठी सुपर दारोदार प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायची अधिकारपत्रं, गोळा करत फिरतो आणि आपण पायात चपला सरकवायच्या आत न वाचता सही करून देतो. यंदा माझी सही निकषांचं पान छापायला तयार असलेल्या उमेदवारालाच मिळेल. आमच्या मजल्यावरच्या बाकीच्या दारांवरही मी हेच सांगत फिरणार आहे, आणि दादा, तुमच्या दारावर सगळ्यात आधी येईन.

आपली,
एक शेअरहोल्डर
जॅक्सन हाइट्स, क्वीन्स